दूध, गहू आणि शेंगदाण्यावाचून लहानग्याचा स्वयंपाक

एक ते तीन वर्षे वयाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार ते अकराशे किलोकॅलरी ऊर्जा, सुमारे १२ ग्रॅम प्रथिने, ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींवरून दिसते. आणि हे सारे वाटीभर वरणभातानेही भरून जाणाऱ्या पोटात बसवायचे असते. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हे गणित कोणी मुद्दाम मांडत नाही, कारण दोन वेळचे दूध, वरणात कुस्करलेली पोळी, तुपातला रव्याचा शिरा आणि दाण्याचे कूट घातलेली भाजी एवढ्यावर ते आपोआप सुटते. एखाद्या मुलाला दूध, गहू आणि शेंगदाणे हे तिन्ही चालत नाहीत असे निष्पन्न झाले, की हा आपोआप चालणारा व्यवहार एकदम थांबतो आणि प्रत्येक घासाचा विचार करावा लागतो. अशा घरांत काय वगळायचे याची यादी लवकर पाठ होते. जे वगळले त्याच्या जागी काय आणि किती आले, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो, आणि मुलाची वाढ खुंटते ती तिथेच.

स्वयंपाकाकडे वळण्यापूर्वी मुलाच्या शरीरात नेमके काय घडते हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण एकाच पदार्थाने होणारा त्रास तीन निरनिराळ्या मार्गांनी होऊ शकतो आणि प्रत्येक मार्गाचा स्वयंपाक वेगळा असतो. पहिल्या प्रकारात अन्नातला एखादा घटक पचवण्यासाठी लागणारे विकर, म्हणजे पचनाची रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, कमी पडते. यालाच असहिष्णुता म्हणतात आणि तिच्यात त्रास प्रमाणावर अवलंबून असतो, म्हणजे पेलाभर दुधाने पोट बिघडते पण चमचाभर दही चालून जाते. दुसऱ्या प्रकारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा निरुपद्रवी अन्नप्रथिनाला शत्रू समजते. ही खरी अ‍ॅलर्जी असून तिच्यात कणभर पदार्थही अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या किंवा धाप आणू शकतो. सीलिअक हा तिसरा प्रकार असून, त्यात गव्हातल्या ग्लूटेन या चिकट प्रथिनामुळे प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. बोलताना या तिन्हींना सरसकट ‘त्याला चालत नाही’ असेच म्हटले जाते, परंतु पातेल्यात चुकून पडलेल्या थेंबाचा अर्थ तिन्हींत निराळा असतो.

दुधाचेच उदाहरण पाहावे. दुधात दर १०० मिलिलिटरला साडेचार ते पाच ग्रॅम लॅक्टोज ही साखर असते आणि ती पचवणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकाशी तयार होते. मोठ्या माणसांत हे विकर वयानुसार कमी होत जाणे अगदी सामान्य आहे. दोन वर्षांच्या मुलात मात्र ते मुळातच नसणे फार दुर्मीळ असते. त्या वयात लॅक्टोज न पचण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नुकताच होऊन गेलेला जोराचा जुलाब, ज्यात ही टोके झडून जातात आणि काही आठवड्यांत पुन्हा उगवतात. अशा मुलाला थोडे दिवस दूध कमी करून दही, ताक, पनीर देता येते, कारण विरजणातले जीवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच फोडून ठेवतात आणि पनीर करताना ही साखर बहुतांशी निवळीबरोबर निघून जाते. परंतु हा तात्पुरता बिघाड कायमचा समजून वर्षानुवर्षे दूध बंद ठेवणारी कुटुंबे कमी नाहीत, आणि त्यात मुलाचे विनाकारण नुकसान होते.

याउलट दुधातल्या केसीन किंवा निवळीतल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल, तर दही, पनीर, खवा यांपैकी काहीच चालत नाही. गाईचे सोसत नाही म्हणून म्हशीचे किंवा शेळीचे दूध देऊन पाहण्याचा सल्ला वडीलधाऱ्यांकडून हमखास मिळतो, आणि तो प्रेमापोटीच दिलेला असतो. पण या तिन्ही दुधांतली प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना उरलेल्या दोन्हींचाही त्रास होतो. तुपाची गोष्ट तर दोन्हीकडे वेगळी आहे: लॅक्टोज त्यात जवळजवळ उरत नसल्याने असहिष्णुतेत ते निर्धास्त वाढता येते, मात्र बेरीचा अंश राहिलेल्या घरच्या तुपात प्रथिनांचे कण असू शकतात, म्हणून तीव्र अ‍ॅलर्जीत डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते देऊ नये.

सीलिअकचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. या आजाराची मुले केळ्यांवर ठेवली असता सुधारतात, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ मध्ये मांडले आणि पुढे कित्येक वर्षे केळ्यांना औषधाचा मान मिळाला, प्रत्यक्षात गुण येत होता तो आहारातून गहू गेल्यामुळे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय १९३० च्या दशकातच आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये पावाचा तुटवडा पडला तेव्हा ही मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली, याने तो संशय पक्का झाला, आणि १९५० मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात तो सिद्ध करून दाखवला. आज या आजाराचे निदान रक्तातील प्रतिपिंडे आणि गरजेनुसार आतड्याचा सूक्ष्म तुकडा तपासून होते, परंतु त्यासाठी तपासणीच्या काळात मूल गहू खात असले पाहिजे. आधीच पोळी बंद केली, तर प्रतिपिंडे उतरतात, अस्तर सुधारते आणि अहवाल खोटा दिलासा देतो. म्हणून शंका आल्यावर पहिले पाऊल डॉक्टरांकडे पडावे, पोळीच्या डब्याकडे नव्हे.

निदानाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी सांगायलाच हवी. रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडावरून किंवा केसांच्या नमुन्यावरून शंभर-दीडशे पदार्थांची ‘न चालणारी’ यादी काढून देणाऱ्या चाचण्या बाजारात मिळतात. अन्न खाल्ल्यावर आयजीजी तयार होणे ही शरीराची नेहमीची प्रतिक्रिया असल्याने अशा यादीला निदानाचे मोल नाही, असे अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांचे मत आहे. तीव्र प्रतिक्रिया नसलेल्या मुलात खरी कसोटी जुनीच आहे: संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवायचा, काय खाल्ले आणि काय झाले याची रोजची नोंद ठेवायची आणि नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पुन्हा देऊन पाहायचा. पुन्हा देण्याची ही शेवटची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. मूल बरे दिसू लागल्यावर पुन्हा त्रास ओढवून घेण्याची भीती आईवडिलांना वाटणे स्वाभाविक आहे, पण तीन पदार्थ बंद केले असताना गुण त्यांपैकी नेमका कशाने आला हे त्यावाचून कळत नाही.

निदान पक्के झाले की खरी परीक्षा सुरू होते ती फडताळातल्या डब्यांची. पोळी, ब्रेड, बिस्किटे, रवा, मैदा, शेवया, दलिया यांत गहू आहे हे सांगावे लागत नाही. धोका असतो तो ज्यांच्याकडे संशयाने पाहिले जात नाही अशा जिनसांत. बाजारात मिळणारे बांधानी हिंग शुद्ध नसते, ते डिंक आणि पिठात मिसळलेले असते, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे असते, त्यामुळे तांदळाच्या मऊ खिचडीवर घातलेली चिमूटभर हिंगाची फोडणीही सीलिअक असलेल्या मुलाला बाधू शकते. मेतकुटात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ व तांदूळ यांच्याबरोबर पुष्कळ घरांत गहूही भाजून घालतात, थालिपिठाच्या भाजणीचेही तसेच, आणि आजारातून उठलेल्या मुलाला पहिल्यांदा दिला जातो तो मऊ भात, मेतकूट आणि तूप. यांपैकी कोणताही पदार्थ सोडून द्यायचे कारण नाही. मेतकूट आणि भाजणी गव्हावाचून उत्तम होतात, हिंग तांदळाच्या पिठातले किंवा खड्याचे मिळते, मात्र ते घरी करून किंवा वेष्टन वाचून घ्यावे लागते.

त्याहून अवघड प्रश्न गिरणीचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा यांपैकी कशातही ग्लूटेन नाही, पण चौकातल्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाल्यावर जात्याच्या पाळीत आणि पीठ पडणाऱ्या कापडी बाहीत जे गव्हाचे पीठ राहते, ते पुढच्या ज्वारीत उतरते. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात दर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसावे अशी भारतातली आणि आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. किलोभर दळणात मूठभर गव्हाचे पीठ मिसळले, तरी ती मर्यादा कित्येक पटींनी ओलांडली जाते. काही कुटुंबे सकाळी गिरणी झाडून घेतल्यावर पहिले दळण आपले ठेवतात आणि त्याआधी थोडे तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढतात. यामुळे भेसळ कमी होते, संपत नाही. सीलिअक असलेल्या मुलाच्या घरी फक्त त्याच्याच धान्यांसाठी राखलेली घरघंटी हा खर्चिक वाटला तरी सर्वांत भरवशाचा उपाय आहे, आणि तिच्याइतकेच महत्त्व वेगळी चाळणी, वेगळा पोळपाट आणि वेगळ्या तव्याला आहे, कारण लाकडाच्या रेषांत आणि चाळणीच्या जाळीत अडकलेली पिठी धुऊनही पुरती जात नाही.

शेंगदाण्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकाची अडचण अशी, की कूट हा इथे पदार्थ नसून सवय आहे: कोशिंबिरीला, भरल्या वांग्याला, साबुदाण्याच्या खिचडीला आणि पालेभाजीच्या रसाला दाटपणा आणण्यासाठी ते हात न थांबता घातले जाते. त्याच्या जागी भाजलेले खोबरे, भाजलेल्या डाळ्यांचे पीठ किंवा भोपळ्याच्या बियांचे कूट चालते. तीळही चालतात, पण तीळ स्वतःच अ‍ॅलर्जीचे एक ज्ञात कारण असल्याने ते चालतात की नाही हे आधी ठरलेले असावे. तेलाबाबत एक बारकावा हल्ली महत्त्वाचा झाला आहे: कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, पण आरोग्यासाठी म्हणून आवर्जून आणलेल्या लाकडी घाण्याच्या तेलात ती असतात. आणि हे सारे अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या मुलापुरतेच आहे. लंडनमध्ये झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ या अभ्यासात, धोका अधिक असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केल्याने पुढची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे दिसले, त्यामुळे भीतीपोटी धाकट्या भावंडालाही शेंगदाणा न देणे उलट अंगाशी येऊ शकते. अख्खा दाणा मात्र ठसक्याच्या धोक्यामुळे चार-पाच वर्षांपर्यंत कोणत्याच मुलाच्या हातात देऊ नये.

आता वगळलेल्याची भरपाई. रोज ४०० मिलिलिटर गाईचे दूध पिणाऱ्या मुलाला त्यातूनच सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १२-१३ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दिवसाची जवळजवळ सगळी गरज एका पदार्थावर भागते. नाचणी ही कॅल्शियमची खाण आहे असे सर्रास सांगितले जाते आणि धान्यांपुरते ते खरेही आहे, कारण १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पण दोन वर्षांचे मूल दिवसाला फार तर ३० ग्रॅम नाचणी खाते, तिच्यातून शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच मिळते, आणि त्यातलाही काही भाग फायटेट या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या घटकामुळे शोषला जात नाही. त्यामुळे नुसत्या नाचणीवर दुधाची जागा भरून निघते असे मानणे ही चांगल्या हेतूने होणारी मोठी चूक आहे. सालीसकट भाजून वाटलेल्या १० ग्रॅम तिळांतून सव्वाशेच्या आसपास, शेवग्याचा पाला, राजगिरा आणि चालत असल्यास बारीक काट्यांसकट शिजवलेली मासळी यांतून आणखी थोडे जमते. तरीही तूट उरते, आणि ती कॅल्शियम घातलेले सोया दूध, अ‍ॅलर्जीच्या मुलांसाठीची दूधभुकटी किंवा डॉक्टरांनी ठरवलेले औषध यांनीच भरून काढावी लागते. ज्या घरात मांस, मासे, अंडी चालत नाहीत तिथे दूध गेले की ब१२ जीवनसत्त्वाचा शेवटचा नैसर्गिक स्रोतही जातो, म्हणून ते थेंबांच्या रूपात देण्याविषयी विचारणे टाळू नये.

दुधाला पर्याय म्हणून मिळणारी पांढरी पेये एकसारखी नसतात. सोया पेयात दुधाच्या जवळपास प्रथिने असतात, बदामाच्या किंवा नारळाच्या पेयात ती नाममात्र असतात, आणि तांदळाच्या पेयातील आर्सेनिकमुळे ते पाच वर्षांखालील मुलांना दुधाऐवजी देऊ नये असा ब्रिटनमधील आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. दुधाच्या अ‍ॅलर्जीच्या काही मुलांना सोयाही सोसत नाही.

नाचणीचा पुरता उपयोग करून घ्यायचा तर ती मोड आणून वापरावी. रात्रभर भिजवलेली नाचणी ओल्या फडक्यात बांधून ठेवली की दीड-दोन दिवसांत तिला बारीक पांढरे मोड येतात. मग ती पसरून वाळवायची, मंद आंचेवर रंग न बदलता हलकी भाजायची आणि दळायची. मोड येताना फायटेट घटते आणि दाण्यात अमायलेज हे पिष्ट फोडणारे विकर तयार होते, त्यामुळे या पिठाची पेज घट्ट न होता ओतण्याजोगी राहते. हे दिसायला किरकोळ असले तरी लहानग्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, कारण साध्या पिठाचे दोन चमचे घातल्यावर पेज गोळा होऊन बसते, तर तेवढ्याच वाटीत मोडाचे पीठ अधिक मावते आणि तेवढीच ऊर्जा वाढते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी याच तत्त्वावर लहान मुलांच्या आहाराचे काम केले. नाचणी ओली वाटून फडक्यातून गाळण्याची जुनी सत्त्वाची पद्धत पचायला हलकी असली, तरी कॅल्शियम दाण्याच्या सालीत अधिक असल्याने चोथ्याबरोबर ते बरेचसे टाकले जाते. वर्षाच्या आतल्या बाळाला ती ठीक, दात आलेल्या मुलाला न गाळलेले पीठच द्यावे.

पोळीची जागा भाकरीने घ्यायची, तर ती मुलाला चावता आली पाहिजे. ग्लूटेनमुळे कणकेला जो ताण येतो तो ज्वारीला नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण थोडे थोडे आणावे आणि उकड काढावी, म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ घालून, झाकून वाफ द्यावी, ज्यामुळे पिष्ट फुलून चिकटपणा येतो, आणि कोमट असतानाच मळून पातळ भाकरी करावी. ती तुरीच्या दाट वरणात किंवा मटणाच्या अळणी रश्श्यात कुस्करली, वरून चमचाभर तेल घातले, की तेलातूनच चाळीसेक किलोकॅलरी वाढतात; दूध-तूप गेलेल्या मुलाच्या ताटात स्निग्ध पदार्थ नेहमी कमी पडतात, आणि या वयात तेलाला कात्री लावण्याचे काहीच कारण नसते. त्यावर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वाबरोबर धान्य-डाळींतले लोह अधिक शोषले जाते. सकाळी तांदूळ-उडदाची इडली किंवा मूगडाळीचे धिरडे, मधल्या वेळी केळे किंवा उकडलेले रताळे, संध्याकाळी नारळाच्या दुधातली नाचणीची खीर असा दिवस मांडला, तर त्यात परके असे काहीच नसते आणि तेच जेवण सगळ्या घराला जेवता येते. शक्य तिथे सगळ्यांनी तेच जेवावे हे फार हिताचे आहे: भेसळ टळते, आईचा किंवा आजीचा दुहेरी स्वयंपाक वाचतो आणि मुलाला आपले ताट निराळे असल्याचे दुःख होत नाही.

घराबाहेर मात्र वेष्टन वाचणे आणि विचारणे एवढीच साधने हाती असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ग्लूटेनयुक्त तृणधान्ये, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कवचफळे आणि सोयाबीन यांचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. सुटे फरसाण, बेकरीतला माल आणि हलवायाची मिठाई यांवर मात्र काही लिहिलेले नसते. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात रवा, दूध आणि तूप, पंचामृतात दूध आणि दही. प्रसाद नाकारणे आजी-आजोबांना जड जाते, तेव्हा फळाचा किंवा सुक्या खोबऱ्याचा प्रसाद आधीच वेगळा काढून ठेवणे कोणाचेही मन न दुखावता साधते. अंगणवाडीताईंना किंवा पाळणाघरात तोंडी सांगण्यापेक्षा काय चालत नाही, काय चालते आणि त्रास झाल्यास काय करायचे हे मराठीत एका कागदावर लिहून द्यावे. ज्या मुलाला पूर्वी धाप लागली असेल, अंग निळसर पडले असेल किंवा एकाएकी गळून गेले असेल, त्याच्यासाठी मांडीत द्यायच्या अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनची तजवीज डॉक्टरांकडून करून घ्यावी. अशा वेळी तोंडाने दिलेल्या औषधावर विसंबणे धोक्याचे असते.

दर महिन्याला वजन आणि दर तीन महिन्यांनी उंची मोजून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-आलेखावर ठिपके मांडले, की आहार पुरतो की नाही हे वादावाचून कळते. आलेखाची रेघ आडवी होऊ लागली, तर आहारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. दुधाची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांत वयानुसार ओसरते, म्हणून साधारण सहा महिने ते वर्षाच्या अंतराने पुनर्तपासणी व्हावी. तीव्र प्रतिक्रिया झालेल्या मुलात ती रुग्णालयातच करायची असते. सौम्य त्रासाच्या मुलाला डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी देऊन पाहायचे झाल्यास, मूल ठणठणीत असताना, सकाळच्या वेळी, एका वेळी एकच पदार्थ, आणि आधी पिठात मिसळून खरपूस भाजलेले दूध, मग दही, सर्वांत शेवटी प्यायचे दूध असा क्रम ठेवतात, कारण दीर्घकाळ भाजल्याने दुधातल्या काही प्रथिनांचा आकार बदलतो आणि ती लवकर सोसतात. सीलिअकमध्ये असा परतीचा क्रम नसतो. गहू आयुष्यभर बंदच राहतो आणि भावंडांना धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असल्याने त्यांचीही रक्ततपासणी करावी लागते. त्या मुलाला तिसऱ्या वर्षापासून खाऊ हातात पडल्यावर तोंडात घालण्याआधी ‘यात गहू आहे का?’ असे विचारायला शिकवतात, आणि रोज तेच ऐकलेले मूल ते लवकर विचारूही लागते.